सायलेन्सरचा गुन्हा

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिठाची बरणी होती. घरात मीठ बंद झाल्यापासून ती कुणी उचलत नव्हतं, म्हणूनच डेल्मर मॅगर्डने तो पिवळा कागद तिच्याखाली सारला होता.

कागद म्हणजे वेगमर्यादा मोडल्याचं तिकीट. असं तिकीट आपल्यापैकी कुणाला मिळालं नाही? आपण चिडतो, पैसे भरतो आणि विसरतो. डेल्मरलाही तसंच करायचं होतं. पण त्याची बायको आयोन समोरच बसलेली होती.

"कागद झाकला म्हणून कोर्टाची तारीख टळत नाही," ती म्हणाली.

"झाकलेला नाहीये. ठेवलाय."

आयोनची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा तिला डोंगरापलीकडच्या शहरात रक्त शुद्ध करून घ्यायला जावं लागे. मधुमेहाने नजर अधू झालेली, त्यामुळे गाडी चालवणं तिने केव्हाच सोडलं होतं. त्या पायक्रॉफ्ट काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, बस नव्हती. होता तो गॅरेजमध्ये काम करणारा डेल्मर आणि त्याचा जुना पिकअप.

त्या दिवशी वाटेत तिला दोनदा उलटी झाली. थांबावं लागलं, उशीर झाला. उशिरा गेलं की खुर्ची दुसऱ्या रुग्णाला देतात, म्हणून डेल्मरने उतारावर गाडी सोडली आणि हायवे पोलिसाने अडवलं.

"काही विशेष घाई होती का?" त्या पोलिसाने खिडकीत वाकून चांगल्या शब्दांत विचारलं होतं.

आयोन मांडीवर पातेलं धरून बसलेली. चेहरा पांढराफटक.

"नाही साहेब," डेल्मर म्हणाला. "आम्ही ठीक आहोत."

या डोंगरातली माणसं अशीच. घराला आग लागली तरी शेजाऱ्याला म्हणतील, आज जरा उकडतंय. आपलं दुःख परक्यापुढे मांडणं म्हणजे हात पसरणं, असं त्यांना लहानपणापासून वाटत आलेलं. यात काही चांगलंही असेल. मला ते ठामपणे सांगता येत नाही. पण त्या दिवशी त्या एका वाक्याची फार मोठी किंमत मोजावी लागणार होती.

"सरळ पैसे पाठवतो आणि मोकळा होतो," डेल्मर म्हणाला.

"पाठव. आणि परवाना घालव." आयोन थकलेली असली तरी तिची जीभ थकलेली नव्हती. "माझ्या शेजारच्या खुर्चीतली रोसाल्बा सांगत होती. तिच्या नवऱ्याने असेच पैसे भरले. पैसे भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. परवान्यावर गुन्ह्याचे पॉइंट चढतात. तुझ्यावर आधीचे किती आहेत?"

याच रस्त्यावर, याच घाईत, आधी दोन तिकिटं झालेली होती. आणखी एक, की परवाना जाणार. म्हणजे आयोनची खुर्ची जाणार. त्यापुढचं त्या घरात कुणी बोलत नसे.

"कोर्टात जा. उभा राहा आणि काय झालं ते सांग."

"सगळ्या गावासमोर? तुझ्या लघवीच्या गोष्टी?"

"माझी आहे ना लघवी? मला चालतंय!"

डेल्मरला चाललं नाही. तो चुलतभावाकडे, रॉइसकडे गेला. रॉइस काउंटीच्या पोलिसप्रमुखाच्या, म्हणजे शेरीफच्या, हाताखाली डेप्युटी होता. त्या काउंटीत प्रत्येकाचा कुणी ना कुणी भाऊ कोर्टाच्या इमारतीत असतोच, आणि काम अर्जाने नव्हे तर शब्दाने होतं, अशी लोकांची श्रद्धा.

"भावा, तू कशाला सुटाबुटात कोर्टात येतोस?" रॉइस त्याच्या खांद्यावर थाप मारत म्हणाला. "मी बोलतो वर. तू आपला गॅरेजमध्ये थांब. माझ्या गाडीचे ब्रेक तेवढे बघ."

डेल्मरने ब्रेक बघितले. कोर्टाच्या तारखेला तो एका गाडीखाली पाठीवर पडून काम करत होता.

काही दिवसांनी टपालाने कळलं: गैरहजर राहिल्याबद्दल परवाना स्थगित, अटकेचं वॉरंट जारी.

"अरे, तिकीट हायवे पोलिसांचं होतं," रॉइस फोनवर म्हणाला. "ते माझ्या हातात नसतं. मला वाटलं, वरचे समजून घेतील."

"तू बोलला होतास ना त्यांच्याशी?"

"बोलणारच होतो, भावा."

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते लिहिताना हात अडखळतो. डेल्मर परवाना नसताना गाडी चालवू लागला. मुख्य रस्ता सोडून खडीच्या आडवाटांनी, ओढ्यातून, दुसऱ्याच्या कुरणांच्या कडेने. प्रत्येक वळणावर त्याला पोलिसाची गाडी दिसे, नसली तरी. वाटेतच अटक झाली तर? आयोन एकटी, त्या गाडीत, त्या उन्हात! ते उशिरा पोचत. परिचारिका काही बोलत नसे, फक्त यंत्र लवकर बंद करी, कारण पुढचा रुग्ण ताटकळत असे. आयोनचे पाय सुजले. मग चेहरा.

एका सकाळी पुलापाशी खरोखरच पोलिसाची गाडी उभी होती. डेल्मरने पिकअप वळवला आणि घरी आणला.

त्या संध्याकाळी आयोनला आडवं होता येईना. आरामखुर्चीत ताठ बसून ती एकेक श्वास ओढत होती. डेल्मर तिच्या पायाशी बसला होता, तिची चप्पल हातात धरून. ती आता पायात जात नव्हती.

"डेल्मर," ती म्हणाली. एका दमात तिला वाक्य पुरं करता येत नव्हतं. "तू लाजतोस… आणि बुडते मी."

"मी तुझी लाज राखत होतो, आयोन."

"माझी नाही, तुझी. मला नको ती." ती श्वासासाठी थांबली. "चर्चमध्ये कुणाला विचारलंस, आम्हाला शहरात सोडाल का म्हणून? एकाला तरी? ते सगळे समजतात, मॅगर्डांचं छान चाललंय. तूच सांगतोस तसं. आणि विचारायची वेळ आली तेव्हा कुणाला विचारलंस? रॉइसला. कोपऱ्यात. उघड्यावर मागायला लाज वाटते, पण चोरून मागायला नाही वाटत! हा कसला रे स्वाभिमान?"

डेल्मरने चप्पल खाली ठेवली. त्याने उठून फोन उचलला आणि मैलभरावरच्या व्हर्ला स्टाइल्सला लावला. चर्चमध्ये ती त्यांच्या मागच्या बाकावर बसे.

"व्हर्ला, आम्ही ठीक नाही आहोत," तो म्हणाला.

"आलेच," व्हर्ला म्हणाली. शहराकडे जाताना वाटेत ती एवढंच बोलली, "चांगली माणसं आहात, पण महा आखडू. मला वाटायचं तुम्हाला कुणाची गरजच नाही."

आयोन वाचली. पण हृदयावर ताण पडला तो पडला. डॉक्टर म्हणाले, तेवढं आता भरून येणार नाही.

काउंटीचं कोर्ट महिन्यातून एकदा भरे. पुढच्या तारखेला व्हर्लाने दोघांना तिथे सोडलं. वॉरंट डोक्यावर असताना आपल्या पायांनी कोर्टात जाणं! डेल्मरने घड्याळ आणि पाकीट आधीच आयोनच्या पर्समध्ये टाकलं होतं, तुरुंगात टाकलं तर हरवू नये म्हणून.

वरच्या मजल्यावर, कोर्टाच्या दाराबाहेर सरकारी वकील लॅश्ली खिडकीला टेकून उभा होता. त्याच्यासमोर शहरातून आलेला एक वकील आणि त्याचे पक्षकार. लॅश्ली एकेका कागदावर काहीतरी खरडत होता आणि पुटपुटत होता, "सायलेन्सर… सायलेन्सर… हाही सायलेन्सर."

डेल्मरला ते ठाऊक होतं. गॅरेजमध्ये गिऱ्हाइकं हसत सांगत. वेगाचा गुन्हा बदलून 'गाडीचा सायलेन्सर नादुरुस्त' असा लिहायचा. दंड थोडा जास्त, पॉइंट शून्य, परवाना शाबूत. निम्म्या काउंटीचे सायलेन्सर कोर्टाच्या दप्तरी फुटलेले होते, आणि त्यातला एकही कधी डेल्मरकडे दुरुस्तीला आला नव्हता.

पण ही गोष्ट बाहेरच्या बाहेर होई. ज्यांच्याकडे वकील नव्हता ते सरळ आत जाऊन बाकांवर बसत. त्यांना कुणी काही सांगत नसे.

"वकील कोण?" लॅश्लीने विचारलं.

"कुणी नाही," डेल्मर म्हणाला.

"मग आत बसा."

डेल्मरचे पाय सवयीने दाराकडे वळले. ठीक आहे, असं ओठांवर आलंही होतं. मग त्याला ती आरामखुर्ची आठवली.

"साहेब," तो वळून म्हणाला, "माझ्या बायकोची मूत्रपिंडं गेली आहेत. मी गाडी चालवली नाही तर ती मरेल. मागच्या तारखेला आलो नाही, तो माझा मूर्खपणा. पण परवाना कायमचा घेऊ नका."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने हे परक्या माणसाला सांगितलं होतं. आभाळ कोसळलं नाही. लॅश्लीने पेन खाली केलं.

"हे आधी का नाही सांगितलंत? सायलेन्सर कबूल करा. पॉइंट लागणार नाहीत. आपण होऊन आलात, तेव्हा वॉरंटही रद्द करायला सांगतो."

"माझा सायलेन्सर चांगला आहे. मीच बसवलाय."

"सगळ्यांचाच चांगला असतो, मॅगर्ड."

आयोनने त्याच्या कोपरात बोट खुपसलं. "तुझ्या सायलेन्सरची अब्रू नंतर सांभाळू. हो म्हण!"

आत आयोनच्या शेजारी एक तरुण मुलगी येऊन बसली. वृद्धाश्रमातला कामाचा पोशाख, पायात पांढरे बूट. टेसा तिचं नाव. "गुन्हा कबूल करायचा आणि पळायचं," ती कुजबुजली. "मला ड्यूटीवर जायचंय. हे दुसरं की तिसरं तिकीट. पैसे भरले की संपलं ना?"

"बाहेर त्या वकिलाशी बोललीस?" आयोनने विचारलं.

"त्याच्याशी बोलता येतं?"

डेल्मरने हे ऐकलं, आणि त्याच वेळी त्याचं नाव पुकारलं गेलं.

न्यायाधीश थर्मन यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सायलेन्सर नादुरुस्त. कबूल?"

"कबूल," डेल्मर म्हणाला. स्वतःच्या हाताने पक्क्या बसवलेल्या सायलेन्सरबद्दल हे म्हणताना त्याचे कान तापले.

"वॉरंट रद्द. परवाना पूर्ववत करावा. पुढचं नाव."

सुटका! डेल्मरने डोळे मिटले. पण तो जागचा हलला नाही.

"मिस्टर मॅगर्ड, तुमचं काम झालं. तुम्ही जाऊ शकता."

"हो साहेब. म्हणूनच विचारतोय." त्याने बाकांकडे हात केला. "मला बाहेर जे सांगितलं, ते या बाकांवर बसलेल्यांना कुणी सांगितलंय का?"

लॅश्लीचा चेहरा लाल झाला. दारात बंदोबस्ताला उभा असलेला रॉइस बुटांकडे बघू लागला. आयोनने तोंडावर हात ठेवला. हातात आलेलं हा माणूस आता घालवणार!

"मला ठाऊक नव्हतं असं नाही," डेल्मर म्हणाला. "ठाऊक होतं, पण मागायचं कसं ते कळलं नाही. त्यापायी माझी बायको जाता जाता राहिली. सवलत द्यायची तर सगळ्यांना ऐकू येईल अशी द्या, साहेब. नाहीतर ती सवलत नव्हे, वशिला झाला."

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मी इतकी वर्षं या खुर्चीत बसतोय," ते अखेर सावकाश म्हणाले, "आणि असं धरून चाललो होतो, की हे सगळ्यांना माहीत असतं." मग त्यांनी आवाज चढवला. "ज्यांना सरकारी वकिलांशी बोलायचं असेल त्यांनी आधी बोलून या. वकील असो वा नसो. कोर्ट थांबेल."

क्षणभर कुणी उठलं नाही. तीच ती सवय! मग पांढऱ्या बुटांतली टेसा उठली. तिच्यामागे एक म्हातारा, मग कोंबड्यांच्या कारखान्यातले दोघे, मग बाकामागून बाक रिकामा झाला.

बंधूंनो आणि भगिनींनो, डेल्मरने काही कायदा बदलला नाही. त्या काउंटीत बस अजून नाही, आणि आयोनचं हृदय पूर्वीसारखं झालं नाही. पण कोपऱ्यातल्या शब्दावर आपण जितका विश्वास ठेवतो, तितका उघड विचारलेल्या प्रश्नावर ठेवला, तर कितीतरी माणसं बुडायची वाचतील. आपली अडचण सांगणं म्हणजे भीक मागणं नव्हे. आणि आपली अडचण सुटल्यावर मागच्या बाकाकडे वळून न पाहणं, ही मात्र खरी लाजेची गोष्ट आहे.

पुढच्या खेपेला परिचारिकेने नेहमीसारखं विचारलं, "काय मिस्टर मॅगर्ड, कसे आहात?"

डेल्मरने टोपी काढून हातात घेतली. आयोन त्याच्याकडे रोखून पाहत होती.

"बरे नाही आहोत," तो म्हणाला. "थोडा वेळ आहे का तुम्हाला? सांगतो."