राणीच्या खांद्यावरचं बोंड

अकोल्याच्या जठारपेठेत शिवणकाम करणाऱ्या फरजानाने ऐतिहासिक मालिकेतल्या राणीचा अंगरखा पाहून जीन्सवर घालायचं आखूड जाकीट शिवलं. खांद्यावर मात्र स्वतःच्या मनाने वाकड्या देठाचं, फुटलेलं कापसाचं बोंड दोऱ्याने भरलं आणि फोटो इंटरनेटवर टाकला.

दोन महिन्यांनी मालिकेत राणी दरबारात आली, आणि फरजानाच्या हातातली सुई तशीच थांबली. राणीच्या खांद्यावर तेच बोंड होतं, त्याच वाकड्या देठाचं.

"अम्मी, हे तं माह्यं बोंड हाय!"

"येडी झाली का? राणी तुयं कायले घालन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आरती नावाची गिऱ्हाईक आली. जाकीट पाहून म्हणाली, "एका रात्रीत राणीची नक्कल केली तुमी?"

फरजानाने मोबाईलवर फोटोची दोन महिन्यांपूर्वीची तारीख दाखवली. आरतीने ती दोनदा वाचली. "म्हंजे राणीनंच तुमची नक्कल केली!"