लेमच्या टोपीतला कागद

मी एक टोपी बोलतेय. काळी, रुंद काठाची, वाफ देऊन दाबलेल्या लोकरीची. अमेरिकेतल्या कॅरोलायनातल्या एका टोपीवाल्याने मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला एकाच लाकडी साच्यावर घडवलं. टर्झा मॅकवी नावाच्या विधवेने आम्हाला तिच्या दोन मुलांसाठी घेतलं. मी थोरल्या एझ्राकडे गेले, बहीण धाकट्या लेमकडे.

ते दिवस चांगले होते. रविवारी प्रार्थनेला जायचं, एरवी शेतावर. एझ्रा दमला की मलाच हलवून वारा घ्यायचा. लेम तर बहिणीतून घोड्याला पाणी पाजायचा, आणि टर्झाच्या शिव्या खायचा.

मग इंग्रजांच्या राजाविरुद्ध युद्ध पेटलं. मोठ्या फौजा दूर कुठेतरी लढत होत्या. आमच्याकडे लढले ते शेजारीच. एझ्रा स्वातंत्र्यवाल्यांत गेला, लेम राजाच्या बाजूला. गणवेश होता कुणाकडे? सगळ्यांचे सदरे घरीच विणलेले. म्हणून आमच्या लोकांनी टोपीत पांढरा कागद खोचायचा आणि राजावाल्यांनी पाइनची हिरवी डहाळी, अशी रीत पडली. माणसं स्वतःला शहाणी म्हणवतात. ज्याच्यासोबत काल गहू कापला त्याला आज मारायचं की नाही, हे मात्र टोपी बघून ठरवतात! मला माझीच लाज वाटायची.

जूनमध्ये बातमी आली, राजावाले गिरणीजवळच्या टेकडीवर जमलेत. निघताना टर्झाने स्वतःच्या हाताने माझ्यात कागद खोचला.

"लेम तिथं असणार," ती म्हणाली. "त्या गाढवाला कान धरून घरी आण."

"आणि नाही आला तर?"

"तर तूही येऊ नकोस."

सकाळी धुकं इतकं होतं की चार पावलांवरचा माणूस ओळखू येईना. पांढरा कागद मात्र धुक्यातही उठून दिसायचा आणि नेम तिथेच धरला जायचा. आमच्यातल्या कितीतरी जणांना कपाळातच गोळी लागली. तरी ऊन वर येईपर्यंत राजावाले उधळले.

ओढ्याकाठच्या झुडपात लेम सापडला. बंदूक हरवलेली, गुडघे चिखलाने माखलेले.

"मार की, दादा! कागदवाला ना तू?"

"गप रे, शहाण्या." एझ्राने त्याची डहाळी उपटून ओढ्यात फेकली, माझ्यातला कागद काढला आणि त्याच्या टोपीत खोचला. "आमचे लोक रस्ताभर पसरलेत. आता तुला कुणी हात लावणार नाही. सरळ घरी जा."

"आणि तू?"

"मला सगळे ओळखतात."

"आई बदडेल मला."

"मग खा मार. जा!"

आमच्या लोकांमधून तो सुखरूप गेला. पुढे वळणावरच्या रानात त्याचेच सोबती लपून बसले होते. त्यांना दिसला तो कागद.

संध्याकाळी शेजारचा होझिया गाडीतून लेमला घेऊन आला. टोपी काढून तो दारात उभा राहिला.

"काकू, लेम शेवटी आपल्यात आला होता. कागद होता त्याच्या टोपीत. राजावाल्यांनी रानातून गोळी घातली."

टर्झाने लेमचे ओले केस मागे सारले. मग तिने एझ्राकडे पाहिलं. तिचा चेहरा जवळजवळ उजळला होता.

"तूच वळवलंस ना रे त्याला?"

एझ्राच्या हातात माझा काठ चुरगळला. "हो, आई," तो म्हणाला.

त्यानंतर त्याने मला कधी घातलं नाही. मक्याच्या कोठारात खुंटीवर टांगलं, तिथून मी पडले, आता कोंबडी माझ्यात अंडी घालते. देश स्वतंत्र झाला म्हणतात. मोठ्या लढायांची नावं लोक मोठ्या तोंडाने घेतात. आमच्या टेकडीबद्दल कुणी विचारत नाही, आणि तेच बरं आहे. मला कसलीच आशा उरलेली नाही.

टर्झा दर रविवारी भेटेल त्याला सांगते, "माझे दोन्ही मुलगे एकाच बाजूने लढले." एझ्रा शेजारी उभा असतो. तुम्ही कधी त्या वाटेने गेलात आणि ती तुम्हालाही हे सांगू लागली, तर मी तुमच्या पाया पडते, नुसती मान हलवा.