कपाटाशेजारची अळी

गालिच्यात कीड निघाली तर जावईबापूंचा दुहेरी फायदा होता. दिवाणखान्यातला तो जांभळा गालिचा एकदाचा बाहेर गेला असता, आणि दर भेटीत त्यावरून हात फिरवत "अस्सल लोकर आहे हो" म्हणणारे सासरे गप्प बसले असते. गालिचा त्यांनीच लग्नात दिलेला. तो प्लास्टिकच्या धाग्याचा आहे, हे जावईबापू बारा वर्षं बायकोला ऐकवत होते. सासरेही काही कमी नव्हते. जावयाच्या लग्नातल्या लोकरी कोटाला ते गोणपाट म्हणत.

म्हणून कपाटाशेजारी, गालिच्याच्या कडेला अळी दिसली तेव्हा गडी खूश झाला. त्याने औषध फवारणाऱ्या बाईंना बोलावलं आणि सासऱ्यांनाही. पाहतो तर सासरे त्याच्याहून खूश.

"किडीला प्लास्टिक चालत नाही, जावईबापू. लागली म्हणजे अस्सल."

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग दोघांत ठरलं, अस्सल निघाला तर फवारून कायमचा ठेवायचा, नकली निघाला तर आजच बाहेर.

बाईंनी अळी भिंगाखाली धरली. तपकिरी, आडव्या पट्ट्यांची, अंगभर केस, शेपटाशी झुबका. कपड्यांच्या पतंगाची अळी पांढरी आणि गुळगुळीत असते, ही भुंगेऱ्याची, असं त्या म्हणाल्या. खाते लोकर, रेशीम, पिसं. सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला.

बाईंनी गालिचा उलटा करून इंच इंच पाहिला.

"एक धागा कुरतडलेला नाही. याला ती तोंडसुद्धा लावणार नाही. त्या कपाटात काय आहे?"

कपाटात कोट होता. हलवताच अळ्यांच्या वाळक्या काती भुरुभुरु गळल्या. पाठीची पार चाळण झाली होती.

"डांबराच्या गोळ्या ठेवू म्हटलं, तर तुम्हाला वास येत होता," बायको म्हणाली.

सासऱ्यांनी कोट उजेडाकडे धरला. त्यातून समोरची खिडकी दिसत होती. "कापड मात्र उंची होतं हो," ते हळूच म्हणाले.

जावईबापू गालिचा गुंडाळायला वाकले, तर बायको त्यावर जाऊन उभी राहिली. घरात किडीने सोडलेली एवढी एकच वस्तू आहे, ती कुठेही जाणार नाही, हा तिचा निकाल.

एकूण सासऱ्यांचा अस्सल लोकरीचा दावा गेला, पण गालिचा राहिला. जावईबापू गालिच्याबद्दलही खरे ठरले आणि कोटाबद्दलही. दोन्हींची किंमत कोटाने मोजली.