डोज झाला

अंजूच्या अंगठ्याला पट्टी बांधता बांधता विमलताईंनी तिच्या कडेवरच्या लेकीचा, सोनूचा दंड चाचपला. कपाशीची वाळकी पऱ्हाटी तोडताना विळा लागला म्हणून अंजू तांड्यावरून उपकेंद्रात आली होती. दुसऱ्या नर्सनं पट्टी बांधून वाटेला लावलं असतं, पण विमलताईंना भोचकपणाची खोडच होती. नऊ महिन्यांच्या गोवराच्या सुईनं दंड सुजला होता का, असं त्यांनी सहज विचारलं.

"दंड कायले सुजन ताई? डोज त् तोंडात देल्ला. दोन थेंब."

विमलताईंचा हात थांबला. शेजारच्या तांड्यात गोवर आला होता, आणि लसीकरणाच्या वहीत सोनूच्या नावापुढे त्यांच्याच हातची बरोबरची खूण होती. ऊसतोडीहून मंडळी परतली तेव्हा त्यांनी दारोदार विचारलं होतं, तिकडं डोज झाला का? अंजू झाला म्हणाली. ती खोटं बोलली नव्हती. उसाच्या फडावर पोलिओवाले आले होते, पोरीनं थेंब चाटले होते. तांड्यात डोज म्हणतात तो हाच. सव्वीस वर्षांच्या नोकरीत एवढं कळू नये, याची विमलताईंना लाज वाटली.

त्यांनी गोवराच्या लसीची नवी बाटली फोडली. एका लेकरासाठी बाटली फोडायची नाही, चार जमू द्यायची, हा त्यांचाच शिरस्ता. आज तो त्यांना आठवलासुद्धा नाही. सुई टोचताच सोनूनं उपकेंद्र डोक्यावर घेतलं.

अंजू त्यांच्या पाया पडायला वाकली.

"तुमी विचारलं म्हणून ताई. नाही त् मले कायी समजलं नसतं."

"पाया नको पडू. मीच आधी बरोबर नाही विचारलं."

अंजूला हे काही पटलं नाही. ती दारापर्यंत गेली आणि थबकली.

"मंग भुरीबाईची नात? रामीबाईचं पोरगं? फडावर आमी सगळ्याच एका जागी होतो."

विमलताईंनी वही उघडली. वहीच्या त्या पानावर अकरा नावं होती, अकराही नावांपुढे खूण होती. आज ही बाई आली नसती तर अकराही लेकरं गोवराच्या सुईविना राहिली असती; उपकार तर अंजूचेच होते. फोडलेली बाटली चार तास चालते. त्यांनी ती आणखी दोन बाटल्यांसोबत बर्फाच्या डब्यात ठेवली, दाराला कुलूप लावलं आणि अंजूला स्कूटीवर मागं बसायला सांगितलं.

"मी काय करू तिथं, ताई?"

"तूच विचार त्यायले," विमलताई म्हणाल्या. "मी विचारलं त् डोज झालाच म्हणतीन."