डाव्या कोपऱ्यातला कान

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते मी माझ्या काकांच्या बाबतीत याचि डोळा पाहिलं. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. जन्मभर चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासत राहिले. मालकसुद्धा त्यांच्याकडे ढुंकून बघत नसे. मग ते गेले, दुकान विकलं गेलं, नव्या मालकाला त्यांच्या कपाटात निगेटिव्हनी गच्च भरलेले बिस्किटांचे डबे सापडले, आणि काका रातोरात थोर कलावंत झाले.

थोर कलावंताच्या मागोमाग माहितीपट काढणारा आलाच. भर उकाड्यात गळ्याला मफलर गुंडाळलेला होता, म्हणून आम्ही त्याला मफलरच म्हणायला लागलो. परवानगीच्या कागदावर सही हवी होती त्याला.

"आजी, जगाला हे काम दिसलं पाहिजे," तो म्हणाला.

"आजी म्हणू नका, मला नातवंडं नाहीत," मावशी म्हणाली. "आणि जगाचं काय ते तुम्ही बघा. मला माझे फोटो तेवढे छापून द्या, मग सही देते."

ही अट ऐकून त्याला गंमत वाटली, मला नाही वाटली. दर रविवारी काका कॅमेरा गळ्यात अडकवून मावशीला बाहेर काढायचे. बाजारात, बसस्थानकावर, नदीच्या पुलावर, कुठेही तिला उभं करायचे. 'जरा बाजूला सरक. अजून थोडी. हं, आता हस.' मावशी मोत्याचे डूल घालून, मान ताठ करून हसायची. आठवड्याने फोटो मागितले की काका म्हणायचे, 'रोल बिघडला.' लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली आणि या माणसाचा एक रोल धड निघाला नाही. त्यामुळे मावशीचा स्वतःचा असा फोटो एकच, ओळखपत्रावरचा. त्यात ती नुकतीच पकडलेल्या पाकीटमारासारखी दिसते.

"मी गेले की तुम्ही हाच भिंतीवर लावणार," ती मला सारखी म्हणायची. "येणारे-जाणारे आधी खिसे चाचपतील."

माहितीपट होत आला तेव्हा मफलरने आम्हाला त्याच्या संकलनाच्या खोलीत बोलावलं. पडदे ओढलेले, कॉफीचे उष्टे कप, खुर्च्या दोन आणि माणसं तीन. मावशी डूल घालून आली होती. स्वतःलाच भेटायला चालल्यासारखी ती सकाळपासून तीनदा आरशात डोकावली होती.

फोटो खरंच सुंदर होते, खोटं कशाला बोलू. बाकावर घोरणारा पोस्टमन, बसखिडकीतून भांडणारं जोडपं, आरशात बघून दात कोरणारा न्हावी. आपल्याला कुणी टिपतंय याचा कुणालाही पत्ता नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मावशी मात्र प्रत्येक फोटोत कुणाला तरी शोधत होती.

मग पडद्यावर एक दाढीवाले प्राध्यापक आले. "प्रत्येक चित्राच्या डाव्या कोपऱ्यात एक धूसर डाग आहे," ते म्हणाले. "ही कलावंताची सही आहे. सत्य पूर्ण दिसत नाही, असं तो डाग सांगतो. मला तर ती मृत्यूची सावली वाटते." सावलीवर बोलता बोलता त्यांचा आवाज घोगरा झाला.

"तो माझा कान आहे," मावशी म्हणाली.

मफलरने यंत्र थांबवलं. मावशी उठून पडद्याजवळ गेली आणि डागावर बोट ठेवलं. "हा डूल. हा खांदा. या पोस्टमनच्या वेळी उन्हात उभं राहून मला भोवळ आली होती." मग तिचं बोट तिथेच राहिलं. काका जरा बाजूला सरक का म्हणायचे, ते तिला कळलं होतं. लाजरा माणूस, परक्याकडे कॅमेरा रोखायची हिंमत नाही. बायकोला पुढे उभं केलं, की बघणाऱ्याला वाटावं, बायकोचाच फोटो काढतोय. आणि बायकोलाही तेच वाटावं.

"म्हणजे मी आडोसा होते," ती म्हणाली. "झुडूप."

मला काकांचा असा राग आला, की ते जिवंत असते तर मी त्यांना फैलावर घेतलं असतं. मफलरचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. प्राध्यापकांची अकरा मिनिटं कापावी लागणार, या विचाराने तो पांढराफटक पडला होता.

"सही मिळणार नाही," मावशी पर्स उचलत म्हणाली. "माझे फोटो द्या म्हटलं होतं. कान द्या म्हटलं नव्हतं."

"आजी... बाई, थांबा," मफलर खुर्चीखालचं खोकं ओढत म्हणाला. "तुमचा एक रोल आहे. पण तो कामाचा नाही. फोकस चुकलाय, म्हणून बाजूला टाकला."

त्याने निगेटिव्ह यंत्रात सरकवली. पडद्यावर मावशी आली. बरोबर मधोमध, केसाच्या बटेपर्यंत स्वच्छ, आणि भयंकर संतापलेली. तिच्या मागे काहीतरी नारिंगी, फिसकटलेलं.

"हे मागचं म्हणजे कापडगिरणीची आग," मफलर कळवळून म्हणाला. "त्या आगीचा एकही चांगला फोटो कुणाकडे नाही. हा माणूस तिथे हजर होता, आणि अख्खा रोल असा वाया."

"मला आठवतंय," मावशी म्हणाली. "सगळे आगीकडे धावत होते आणि हे मला म्हणाले, हस. मी म्हटलं, पुन्हा रोल बिघडला म्हणालात तर कॅमेरा नदीत टाकीन."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. आठवड्याने म्हणाले, रोल बिघडला."

काचा घासण्यात जन्म गेलेला माणूस एखाद्या फोटोत चुकेल. अख्ख्या रोलभर चुकणार नाही. हे मी बोलणार होते, तेवढ्यात मावशीकडे पाहिलं. तिने पर्समधून पेन काढलं होतं आणि सही कुठे करायची ते शोधत होती.

तो संतापलेला फोटो आता आमच्या बैठकीत आहे, काकांच्या शेजारी. 'मी गेल्यावर तुम्ही खिळा वाकडा ठोकाल,' म्हणत मावशीने तो उभं राहून आत्ताच ठोकून घेतला. आल्यागेल्याला ती हाताला धरून त्याच्यासमोर नेते.

"गिरणीची आग आहे," ती सांगते. "पण बघा ना, काही म्हणजे काही दिसत नाही." आणि मोत्याचे डूल हलवत हसते.