रुमाल टाकायची खिडकी

आमच्या गाडीची डावी काच दाराच्या आत पडली ती वर आलीच नाही. तेव्हापासून ताडकळसच्या बाजाराला निघताना सरजाआत्या खिडकीतून रुमाल टाकून पुढची सीट धरायची, एसटीत धरावी तशी. गाडीत माणसं दोनच, ती आणि मी! माझं डोकंच फिरायचं.

शेवटी गंगाखेडहून काच वर-खाली करायची नवी मशीन आणली. दार खोललं, बोटं सोलून घेतली, पण बसवली. डाव्या सीटवर बसून बटन दाबलं आणि काच सरसर वर आली. मी एकटाच टाळ्या पिटायला लागलो.

तेवढ्यात आत्या आली. बंद काच बघून तिचं तोंड एवढंसं झालं.

"आता जागा कशी धरू रे?"

मी काच खाली घेतली. रुमाल थेट माझ्या मांडीवर पडला.

"ऊठ नागेश. जागा धरलेली हाय."