माझ्या मनगटावरचं जवसाचं तेल

मित्रांनो, मी एक जुना कोरडा पोशाख आहे. कोरडा म्हणजे वाळत घातलेला नव्हे. मला घालून पाणबुड्या तळाशी गेला तरी त्याच्या अंगाला थेंब लागत नाही, म्हणून हे नाव. मुंबईच्या कारखान्यात कापडावर रबर चढवून मला शिवलं. गळ्याला आणि मनगटांना घट्ट रबरी कफ बसवले. माझी सगळी अब्रू त्या तीन कफांत.

सेमाडोहच्या पुढे एक तलाव आहे. तिथल्या पाणबुड्याला, धर्मपालला, मी एकोणतीस वेळा खाली नेलं आणि एकोणतीस वेळा कोरडा वर आणलं. आत लोकरीचे कपडे, बाहेर मी. लोक कौतुक त्याचं करत, धुळीत टाकत मला. चालायचंच.

मला ठेवत त्या तलावाकाठच्या गोदामाचे राखणदार नत्थुजी. उभा जन्म विहिरीवर मोट हाकण्यात गेलेला. मोटेचं कातडं ते जवसाच्या तेलानं असं माखत, की बायकोनंही हेवा करावा. एकोणीसशे चौसष्टच्या दसऱ्याला त्यांनी कुदळी, पहारी पुजल्या, मलाही हळदकुंकू लावलं आणि उरलेलं तेल माझ्या कफांवर मायेनं चोळलं. मित्रांनो, कातड्याला तेल म्हणजे खुराक, पण रबराला तेच विष. पुढच्या तीन महिन्यांत माझी मनगटं फुगली, चिकट झाली. मला कळत होतं. सांगणार कसं?

पौषात तलावाच्या पाणी सोडायच्या दारात ओंडका अडकला. दार बंद होईना, उन्हाळ्यासाठी साठवलेलं पाणी वाहून चाललं. धर्मपालनं उतरायचं ठरवलं. त्याच महिन्यात मुंबईहून नवा पोशाख आला होता, काळा, जाड, स्पंजासारखा. तो पाणी आत घेतो, त्या पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेनं तापतो आणि थंडी अडवतो, असं धर्मपाल समजावत होता. नत्थुजी हसले. म्हणाले, “चोराले घरात घ्याचं अन् राखण बी त्यालेच द्याची?” मीही मनात हसलो. धर्मपालनं मलाच उचललं, आणि माझं हसू विरलं.

एवढ्या थंड पाण्यात, वीस हात खाली, माझा कफ फाटला तर? पाणी आत भरणार, लोकर भिजणार, मी जड होणार. ज्याला एकोणतीस वेळा वर आणलं, त्याला मीच तळाशी धरून ठेवणार. त्याचा एक पाय माझ्यात गेला, मग दुसरा. भीतीनं घाम येण्याची सोय मला नाही.

हात सहज सरकावेत म्हणून कफांवर पावडर टाकायचं काम त्याच्या बायकोचं, पंचफुलाचं. तिनं माझं मनगट नाकाशी नेलं.

“थांबा. जवसाचा वास कावून येऊन राहिला?”

“दसऱ्याले म्या माखलं,” नत्थुजी अभिमानानं म्हणाले. “मोटेले माखतो तसंच.”

धर्मपालनं कफ दोन बोटांनी ओढला. तो गुळाच्या पाकासारखा लांबला आणि फाटला. नत्थुजी धोतराच्या टोकानं ती फाटकी कड पुसू लागले.

धर्मपालनं मला उतरवलं आणि तो नवा पोशाख चढवला. त्याच्या कमरेच्या दोराचं टोक पंचफुलाच्या हातात. दोन झटके म्हणजे सगळं ठीक. मी बांधावर पडून त्या दोराकडे बघत होतो. दोर हलेना. पंचफुलाचे ओठ पांढरे पडले. ज्याचा मत्सर केला, त्या ओल्या पोशाखाला मी विनवत होतो, बाबा, ऊब धर, सोडू नकोस त्याला.

दोन झटके आले.

ओंडका निघाला, दार बंद झालं. धर्मपाल वर आला तेव्हा त्याचे दात वाजत होते. नत्थुजींनी आपलं घोंगडं त्याच्याभोवती गुंडाळलं. तो म्हणाला, “ओला हावो नत्थुजी, पण जिता हावो.” नत्थुजींना हसता आलं नाही.

पुढच्या दसऱ्याला ते तेलाची वाटी दूर ठेवून नव्या पोशाखापुढे उभे राहिले आणि आधी धर्मपालला विचारलं, “याले काय चालते?”

पाण्यात उतरायच्या कामाचा मी उरलो नाही, म्हणून आता मी तिवस्याला, नत्थुजींच्या गावी, त्यांच्या विहिरीवर आहे. मोट गेली, इंजिन आलं; त्यावर मी पांघरलेला असतो. मित्रांनो, माया करा, पण ज्याच्यावर करता तो कशाचा बनला आहे, ते आधी विचारा. इंजिनाच्या तेलाचा थेंब माझ्यावर उडाला, की नत्थुजी हातातलं काम टाकून धावत येतात आणि आपल्या धोतरानं मला पुसतात.